जंगली टोमॅटोंच्या मागे फिरलेला माणूस: चार्ल्स रिक

टोमॅटोची बातमी आपल्याकडे दोन प्रकारे येते. एक तर भाव पडला आणि शेतकऱ्यानं क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओतले, किंवा भाव चढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मीमचा पाऊस सुरू झाला. पण टोमॅटोच्या रोपाचीही एक गोष्ट आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक संकरित टोमॅटोंमध्ये दक्षिण अमेरिकेतल्या जंगली झुडपांचे तुकडे बसवलेले असतात. ही झुडपं दिसायला अगदीच सामान्य. फळ बोराएवढं किंवा त्याहून लहान, काहींचं पिकल्यावरही हिरवंच, वर बारीक लव, आणि चवीला बऱ्याचदा असं की एक खाल्लं तर दुसरं तोंडात टाकणार नाही.

ही झुडपं शोधणं, त्यांचं बी जपणं आणि ते जगभर मोफत वाटणं, यात एका माणसाचं सगळं आयुष्य गेलं. चार्ल्स रिक त्यांचं नाव. २००२ मध्ये ते वारले, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण जन्मलेही नसतील. टोमॅटोवर संशोधन करणाऱ्यांच्या जगात मात्र आजही त्यांच्या नावाशिवाय पान हलत नाही.

फळच न लागणारी झाडं

रिक यांचा जन्म ३० एप्रिल १९१५ ला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, रेडिंग गावी झाला. लहानपणापासून फळबागांमध्ये काम केल्यामुळे झाडांचं वेड तिथूनच लागलं. पेन स्टेटला फलोत्पादन शिकले, हार्वर्डमधून १९४० मध्ये वनस्पतिशास्त्रात पीएचडी केली आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसला भाजीपाला विभागात नोकरीला लागले. ही नोकरी त्यांनी कधी बदललीच नाही.

सुरुवातीला टोमॅटोच करायचा असं काही ठरलेलं नव्हतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं सुचवलं, की टोमॅटोच्या शेतात अधूनमधून फळच न लागणारी झाडं दिसतात, ती का वांझ राहतात ते बघ ना. रिक यांना आधी ही कल्पना अगदीच फालतू वाटली. काही दिवसांनी मात्र डोक्यात प्रकाश पडला आणि ते शेतात गेले.

तोडणीच्या वेळी अशी झाडं ओळखायला सोपी असतात. बाकीची झाडं फळांच्या ओझ्यानं वाकून पिवळी पडत आलेली असतात, आणि मध्येच एखादं हिरवंगार, माजलेलं झाड फळाविना उभं असतं. रिक यांनी अशी झाडं गोळा केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर प्रत्येकाची भानगड वेगळी निघाली. टोमॅटोच्या पेशीत गुणसूत्रांच्या १२ जोड्या असतात. काही झाडांत प्रत्येक गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती होत्या, काहींत एखादंच गुणसूत्र जास्तीचं होतं, तर काहींत परागकणच तयार होत नव्हते.

या शेवटच्या प्रकाराला नर-वंध्य म्हणतात आणि बियाण्याच्या धंद्यात त्याला मोठं मोल आहे. टोमॅटोचं फूल स्वतःच स्वतःचं परागण करतं. त्यामुळे संकरित बी तयार करायचं तर कळी उमलण्याआधी चिमट्यानं तिचे पुंकेसर काढावे लागतात आणि मग दुसऱ्या वाणाचे पराग हातानं लावावे लागतात. आपल्याकडे जालना-देऊळगाव राजा पट्ट्यात शेडनेटमध्ये वाकून हे काम करणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. नर-वंध्य झाडात पराग नसल्यामुळे पुंकेसर काढायची पहिली पायरीच वाचते.

या वांझ झाडांमुळे टोमॅटोचं कुठलं गुणसूत्र काय काम करतं याचा नकाशा काढायला हत्यार मिळालं. साठच्या दशकात या कामात रिक यांच्याबरोबर पंजाबातून आलेले एक तरुण संशोधक होते, गुरुदेव सिंग खुश. हे नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

पेरू, म्हणजे देश

गुणसूत्रांचा अभ्यास करताना रिक यांच्या लक्षात एक गोष्ट आली होती. शेतातला टोमॅटो आतून फार गरीब आहे. पैशानं नव्हे, जनुकांच्या विविधतेनं.

त्याचं कारण इतिहासात आहे. टोमॅटोचे जंगली भाऊबंद पेरू, इक्वेडोर, चिलीचा उत्तर भाग आणि गॅलापॅगोस बेटं इथले. त्यातला एक प्रकार माणसाबरोबर वर मेक्सिकोपर्यंत गेला आणि तिथे नीट लागवडीत आला. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी त्यातलं मूठभर बी युरोपात नेलं. युरोपातून पुन्हा मूठभर बी जगभर गेलं, पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडेही आलं. दर टप्प्यावर थोडंच बी पुढे सरकलं आणि बाकीचं मागे राहिलं. फुल रेझोल्यूशनचा फोटो दहा वेळा फॉरवर्ड केल्यावर जसा होतो, तसंच काहीसं. पुढे मोजमाप झालं तेव्हा कळलं, की जंगली जातींमध्ये जेवढी विविधता आहे तिच्या ५ टक्क्यांहूनही कमी आपल्या शेतातल्या टोमॅटोत शिल्लक आहे.

याचा तोटा काय? एखादा नवा रोग आला आणि एका झाडाला झाला, की तो सगळ्यांना होतो. रोगाला तोंड देणारं जनुक शेतातल्या एकाही झाडात नसतं, मग निवड करणार तरी कशातून?

म्हणून १९४८ मध्ये रिक पेरूला गेले. (हो, फळाचं नाव आणि देशाचं नाव मराठीत एकच आहे. इथे देशच.) नंतर पुढची चार दशकं ते पुन्हा पुन्हा जात राहिले. अशा डझनभराहून जास्त मोहिमा झाल्या. डोक्यावर मळकी कापडी टोपी, दाढी, पाठीवर पिशव्या आणि खिशात वही. काही सफरींत बायको-मुलंही बरोबर असायची. त्यांचा मुलगा जॉन पुढे पुरातत्त्वशास्त्रज्ञ झाला आणि त्यानं आपलं उत्खननाचं काम पेरूमध्येच केलं.

हे जंगली टोमॅटो वाढतात कुठे, तर जिथे टोमॅटो वाढेल असं स्वप्नातही वाटणार नाही तिथे. पेरूच्या किनाऱ्याला वाळवंट आहे, वर्षानुवर्षं पाऊस नाही. हिवाळ्यात समुद्रावरून धुकं येतं आणि फक्त त्या ओलाव्यावर टेकड्या काही महिने हिरव्या होतात. तिथे टोमॅटोच्या जाती आहेत. वर अँडीज पर्वतात तीन हजार मीटरवर, रात्री बोटं गोठतील अशा थंडीतही आहेत. गॅलापॅगोसमध्ये तर भरतीच्या पाण्यापासून चार पावलांवर, खारं पाणी अंगावर उडत असताना झुडूप उभं असतं. दुष्काळ, थंडी आणि खारी जमीन हे शेतकऱ्याचे तीन जुने शत्रू. या झुडपांचं मात्र अख्खं आयुष्य त्यांच्याच सोबतीत जातं.

रिक प्रत्येक ठिकाणी फळं गोळा करायचे, कुस्करून बी धुवून वाळवायचे, आणि वहीत जागा, उंची, जमीन, आजूबाजूची झाडं सगळं लिहायचे. एका झाडाचं बी घेऊन भागत नाही. ज्या जाती स्वतःचं परागण करत नाहीत, त्यांत प्रत्येक झाड वेगळं असतं, म्हणून अनेक झाडांचं बी घ्यावं लागतं. दर नमुन्याला एलए हे अक्षर आणि पुढे क्रमांक. ही पद्धत आजही तशीच चालू आहे.

कासवाच्या पोटातून

गॅलापॅगोसच्या बियांची गंमत वेगळी होती. पेरल्या तर उगवायच्याच नाहीत. पाण्यात भिजवा, काहीही करा, ढिम्म. बी मेलेलंही नव्हतं. मग बेटावर ते उगवतं कसं?

रिक यांना शंका आली, की कुणीतरी प्राणी ते खात असणार. पक्ष्यांना घालून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग आठवली गॅलापॅगोसची प्रसिद्ध महाकाय कासवं. कॅलिफोर्नियात ओळखीच्या एकाकडे अशी कासवं पाळलेली होती. त्यांना टोमॅटो खाऊ घातले आणि विष्ठा डेव्हिसला मागवून घेतली. रिक ती विष्ठा चाळत बसले. कासवाची पचनक्रिया इतकी संथ की बी बाहेर यायला आठवडे लागायचे. पण बाहेर आलेल्या बिया पेरल्या आणि त्या उगवल्या! पोटातल्या रसानं बियांचं जाड टरफल मऊ झालं होतं. पक्षीशास्त्रज्ञ रॉबर्ट बोमन यांच्याबरोबर रिक यांनी १९६१ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. कासव हळू चालत असलं तरी तेवढ्या आठवड्यांत बी बेटावर बरंच दूर पोहोचतं, हा त्यातला दुसरा मुद्दा.

(प्रयोगशाळेत दरवेळी कासव कुठून आणणार? आता त्या बिया पातळ केलेल्या ब्लीचमध्ये अर्धा तास बुडवतात. काम होतं.)

याच बेटांवरच्या एका नमुन्यात रिक यांना एक छोटीशी गोष्ट दिसली. घरातला देठासकट असलेला एखादा टोमॅटो घ्या. देठावर मध्येच एक गाठ दिसेल. फळ ओढलं की तिथेच तुटतं आणि देठाचा तुकडा फळाला चिकटून राहतो. हा तुकडा क्रेटमध्ये शेजारच्या फळात घुसतो, आणि प्युरे-केचपच्या कारखान्यात तो आधी काढावा लागतो. गॅलापॅगोसच्या त्या झाडाच्या देठाला गाठच नव्हती, त्यामुळे फळ अलगद, देठाशिवाय सुटायचं. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायचं यंत्र आलं आणि या एका जनुकाचा भाव वाढला. यंत्रानं तोडायच्या कितीतरी वाणांमध्ये ते गेलं.

आता यातली दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या यंत्रानं कॅलिफोर्नियात हजारो शेतमजुरांचं काम गेलं, आणि यंत्र घेणं न परवडणारे छोटे टोमॅटो उत्पादक काही वर्षांतच बाहेर पडले. डेव्हिसच्या विद्यापीठावर यासाठी कोर्टात खटलाही झाला. यंत्र काही रिक यांनी बनवलं नव्हतं. पण शास्त्रज्ञानं जनुक शोधायचं आणि त्याचा उपयोग कुणाला होतो हे भलत्यानंच ठरवायचं, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

आणखी एक लोचा होता. काही वाणांत हे जनुक टाकलं की फुलांच्या दांड्याला भसाभस फांद्या फुटायच्या आणि फळं कमी लागायची. असं का होतं हे कळायला २०१७ उजाडावं लागलं. शेतातल्या टोमॅटोत आधीपासून असलेल्या दुसऱ्या एका बदलाशी त्याचं भांडण होत होतं.

एक गुण हवा तर दहा नको असलेले गळ्यात

इथे मूळ अडचणीकडे येऊ. जंगली झाडाचं एकच जनुक हवंय, बाकीचं काही नको. ते वेगळं कसं करणार?

पद्धत जुनी आहे. जंगली आणि शेतातल्या टोमॅटोचा संकर करायचा. पोरांमध्ये निम्मं-निम्मं येतं. त्यातलं हवा तो गुण असलेलं रोप निवडून पुन्हा शेतातल्या टोमॅटोशी संकर करायचा, आता जंगली वाटा सरासरी पाव उरतो. पुन्हा निवड, पुन्हा संकर. असं सहा वेळा केलं की जंगली वाटा सरासरी एक टक्क्याच्या खाली येतो. ऐकायला सोपं वाटतं. पण दर पिढीला पेरणी, वाढ, तपासणी आलीच, म्हणजे काही वर्षं सहज जातात. शिवाय हव्या त्या जनुकाच्या शेजारची जनुकं त्याचा हात सोडत नाहीत. एखादं ॲप इन्स्टॉल करावं आणि बरोबर न मागितलेली तीन ॲप्स यावीत, तसं.

कधीकधी तर पहिली पायरीच जमत नाही. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीचं उदाहरण घ्या. ज्या शेतात सूत्रकृमी आहे तिथे टोमॅटोचं काय होतं हे शेतकऱ्याला विचारा. पेरूतल्या एका जंगली जातीत त्याला प्रतिकार सापडला, पण तिचा आपल्या टोमॅटोशी संकर केला की बी तयार व्हायच्या आतच भ्रूण मरायचा. डेव्हिसमध्येच पॉल स्मिथ यांनी १९४४ मध्ये असा भ्रूण वेळेवर बाहेर काढून काचेच्या नळीत वाढवला. पुढे जगभरात सूत्रकृमीला तोंड देणारे जे टोमॅटो झाले, त्यांचं हे जनुक त्या एका संकरातून आलेलं आहे. विचार करा, एवढं सगळं एका नळीतल्या रोपट्यावर अवलंबून होतं.

यात रिक यांचा भाग पुढचा. रोपात हे जनुक आलंय की नाही हे बघायला मुळांना सूत्रकृमी लावून आठवडे वाट बघावी लागायची. १९७४ मध्ये रिक आणि त्यांचे सहकारी फोब्स यांनी दाखवलं, की या जनुकाच्या अगदी शेजारी एका विकराचं जनुक बसलेलं आहे आणि त्याचा जंगली प्रकार वेगळा ओळखता येतो. म्हणजे लहानग्या रोपाचं एक पान घ्या, विकर तपासा, आणि जंगली प्रकार दिसला की शेजारचा प्रतिकारही आलाय असं धरा. आज बियाणे कंपन्या डीएनए मार्करनं हजारो रोपं दिवसात तपासतात, त्या पद्धतीच्या सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी ही एक. १९८० मध्ये स्टीव्हन टँक्सली यांच्याबरोबर रिक यांनी अशा विकरांचा टोमॅटोतला नकाशाच प्रसिद्ध केला.

(जाता जाता, आपल्याकडच्यांसाठी कामाची गोष्ट: जमिनीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की हे सूत्रकृमीचं जनुक ढिलं पडतं. बियाण्याच्या पाकिटावर प्रतिकारक लिहिलं असलं तरी उन्हाळी लागवडीत हे ध्यानात ठेवलेलं बरं.)

हिरव्या फळातली साखर

माझ्या मते रिक यांच्या आयुष्यातली सगळ्यात भारी गोष्ट ही.

डिसेंबर १९६२. अमेरिकेतले दोन वनस्पतिशास्त्रज्ञ, ह्यू इल्टिस आणि डॉन उजेंट, पेरूच्या अँडीजमध्ये जंगली बटाटे शोधत फिरत होते. टोमॅटोशी त्यांचा संबंध नव्हता. कुराहुआसी गावाजवळ एक तणासारखं टोमॅटोचं झुडूप दिसलं, फळ सेंटिमीटरभराचं, हिरवट पांढरं. सहज म्हणून बी घेतलं आणि टोमॅटोवाले म्हणून रिक यांना पोस्टानं पाठवून दिलं.

हे फळ कुणी बाजारात फुकटही घेतलं नसतं. पण रिक यांनी रस तपासला तर त्यात साखर भरपूर. त्यांनी शेतातल्या मोठ्या लाल टोमॅटोशी त्याचा संकर केला आणि निवड करत राहिले, साधारण दहा पिढ्या. १९७४ मध्ये त्यांनी निकाल छापला: मोठं, लाल फळ, आणि रसातले विद्राव्य घटक नेहमीच्या ५ टक्क्यांच्या आसपासवरून ७ आणि त्याच्याही वर.

दोन टक्क्यांनी काय होतं? टोमॅटोत ९४-९५ टक्के पाणी असतं. केचप किंवा पेस्ट करायची म्हणजे ते पाणी आटवायचं, त्याला इंधन लागतं. रस जितका दाट, तितकं इंधन कमी आणि तितक्याच फळांत माल जास्त. इल्टिस यांनी नंतर अंदाज केला होता, की या एका पाकिटातल्या बियांची किंमत अमेरिकी टोमॅटो उद्योगाला वर्षाला ८० लाख डॉलर आहे.

यातली खरी गोम अशी, की त्या झुडपाकडे बघून हे कुणालाही कळलं नसतं. जंगली आणि शेतातल्या टोमॅटोचा संकर होऊन पोरं-नातवंडं वाढली, तेव्हाच गुण बाहेर दिसतो. दिसायला वाईट म्हणून बी टाकून दिलं असतं तर हे कधी समजलंच नसतं. रिक यांनी म्हणूनच काहीच फेकलं नाही. १९७६ मध्ये ही जात नवीन असल्याचं त्यांनी सहकाऱ्यांसोबत जाहीर केलं आणि तिला एका पोलिश टोमॅटो संशोधकाचं, च्मिएलेव्स्की यांचं नाव दिलं. रिक यांच्या स्वतःच्या नावानं मात्र दोनदा जात नोंदली गेली. एका जातीला १९६१ मध्ये रिकी हे नाव मिळालं होतं, म्हणून पुढे दुसरीला द्यायची वेळ आली तेव्हा निओरिकी, म्हणजे नवी रिकी, असं म्हणावं लागलं.

आणि ते खुश? ते फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गेले आणि भातावर काम करू लागले. १९७६ मध्ये आलेल्या आयआर-३६ या वाणात त्यांनी एका विषाणू रोगाचा प्रतिकार आणला, तोही जंगली भातातून, ओरायझा निवारा जातीतून. हजारो नमुने तपासून ज्या एकाच नमुन्यात तो सापडला, तो आपल्या उत्तर प्रदेशातून गोळा केलेला होता. एके काळी आयआर-३६ जगातलं सर्वात जास्त पेरलं जाणारं भाताचं वाण होतं.

बियांची बँक

१९५१ पासून रिक टोमॅटोवाल्या संशोधकांसाठी एक वार्षिक अहवाल काढायचे. ज्याला जे जनुक सापडेल ते त्यात लिहायचं आणि बी मागणाऱ्याला द्यायचं. इंटरनेटच्या आधीचा ओपन सोर्स म्हणा ना. गोळा केलेल्या बियांचं रीतसर केंद्र डेव्हिसमध्ये सत्तरच्या दशकात उभं राहिलं आणि १९९० मध्ये त्याला रिक यांचं नाव दिलं गेलं. तिथे नुसतं बी डब्यात भरून ठेवत नाहीत. बी म्हातारं होतं, म्हणून ठरावीक वर्षांनी ते पुन्हा पेरून, हातानं परागण करून ताजं करावं लागतं. डिजिटल बॅकअप एकदा घेतला की विसरता येतो, हा बॅकअप तसा नाही.

आणि त्याची गरज पडतेच. रिक पेरूत जुन्या ठिकाणी परत जायचे तेव्हा बऱ्याचदा झुडपं गायब झालेली असायची. कुठे वस्ती वाढलेली, कुठे नवी शेती, कुठे शेळ्यांनी टेकडी साफ केलेली. अशा काही ठिकाणांचं बी आता फक्त पाकिटात आहे.

इथे एक प्रश्न उरतो आणि तो टाळू नये. बी पेरूचं, इक्वेडोरचं, चिलीचं. बँक कॅलिफोर्नियात, आणि फायदा मुख्यतः श्रीमंत देशांतल्या उद्योगाचा. रिक यांच्या काळात बी ही सगळ्या जगाची ठेव मानली जायची. १९९२ च्या जैवविविधता करारानं सांगितलं, की ते ज्या देशात आहे त्या देशाचा त्यावर हक्क आहे. मग या देशांनी नियम कडक केले आणि बाहेरच्या माणसानं पिशवी घेऊन फिरणं जवळपास थांबलं. अँडीजच्या देशांची तक्रार मला रास्त वाटते. पण रिक यांच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं, की त्यांनी बी अडवून ठेवलं नाही. मागेल त्या संशोधकाला ते पाठवलं, तो पेरूतला असो नाहीतर भारतातला.

भारतातल्या टोमॅटोवाल्याला ज्या रोगानं सगळ्यात जास्त रडवलंय तो म्हणजे पांढऱ्या माशीतून पसरणारा लीफ कर्ल, गावाकडे ज्याला बोकड्या म्हणतात. पानं आकसतात, रोप खुजं राहतं, फळ धरत नाही. एकदा झाला की औषध नाही. शेतातल्या टोमॅटोत याला उत्तर नव्हतं. एक उत्तर चिलेन्स या जंगली जातीत सापडलं, रिक यांच्या बँकेतल्या एलए१९६९ या नमुन्यात. १९९४ मध्ये इस्रायली संशोधकांनी त्यातलं जनुक नकाशावर बसवलं. दुसरं उत्तर आपल्याच लोकांनी शोधलं. अँडीजमधल्या एका केसाळ जंगली जातीतून हरियाणातल्या हिसारला एच-२४ ही ओळ तयार झाली, आणि तिच्यातलं जनुक आज जगभर टाय-२ या नावानं वापरलं जातं.

रिक १९८५ मध्ये निवृत्त झाले, म्हणजे कागदोपत्री. त्यानंतरही वर्षानुवर्षं ते हरितगृहात येत राहिले. ५ मे २००२ ला, वयाच्या ८७ व्या वर्षी ते गेले. दहा वर्षांनी, २०१२ मध्ये टोमॅटोचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. त्याच्याबरोबर जंगली पिंपिनेलिफोलियम जातीचाही जीनोम वाचला गेला होता, आणि त्यासाठी घेतलेलं झाड होतं रिक यांच्या बँकेतलं, एलए१५८९.

या बँकेची यादी आज इंटरनेटवर खुली आहे, हजारावर जंगली नमुने आहेत त्यात. फोनवर डेव्हिसच्या टोमॅटो केंद्राची वेबसाइट उघडा आणि एलए१९६९ शोधा. ते झुडूप पेरूतल्या कुठल्या ठिकाणाहून आणलं, हे अजून तिथे लिहिलेलं आहे.